उजव्या टोकाची खुर्ची

ट्रिमनेलांच्या घरात फक्त काजळीवरून भांडण होत नसे. बाकी उकडलेल्या बटाट्यापासून वारसाहक्कापर्यंत त्यांना काहीही चालायचं. त्या शनिवारी तर सकाळपासून जुंपली होती, आणि ज्या खेळावरून जुंपली होती तो दुपारी तीनला उघडायचा होता.

लंडनच्या वॉलवर्थ भागातल्या त्यांच्या हॉलमागच्या खोलीत केझाया शेगडीपाशी बसून बुचं जाळत होती. म्हाताऱ्या ओबडायाची ही एकुलती एक, बिनलग्नाची मुलगी वयाच्या चौदाव्या वर्षापासून हेच करत आली होती. आसपासच्या दारूच्या गुत्त्यांतून बाटल्यांची बुचं आणायची, तव्यावर कोळसा होईपर्यंत जाळायची, कुटायची आणि पाण्यात कालवून लेप करायचा. तो लेप तोंडाला फासून ट्रिमनेल मंडळींचे वीसेक गोरे गडी रोज रंगमंचावर अर्धगोलात बसत आणि कापसाच्या मळ्यावरचे हबशी होत. शँपेनच्या बुचांची काजळी कशी मऊ बसते आणि बिअरच्या बुचांची कशी खरखरते, हे केझायाइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. ठाऊक करून घ्यायची कुणाला हौसही नव्हती म्हणा.

"वन्सं, आधी ती बुचं झाका बघू!" ऑगस्टा घागरा सावरत आत आली. ही केझायाच्या थोरल्या भावाची, एनॉकची बायको. "रेव्हरंड थ्रॉसल आलेत. डाव्या बॉक्समध्ये बसवलंय. खेळ संपल्यावर मागे येणार म्हणाले."

"येऊ देत की."

"येऊ देत काय! दारूबंदी सभेचे अध्यक्ष आहेत ते. इथे तर नुसता वास मारतोय."

"आम्ही तोंडाला लावतो, वहिनी. पीत नाही," केझाया म्हणाली. मग धाकट्या भावाची, रूफसची, आठवण होऊन तिनं पुस्ती जोडली, "निदान सगळे तरी पीत नाही."

रेव्हरंड थ्रॉसल म्हणजे मोठं प्रकरण होतं. नाटक पाहणं हे पाप, असं ते दर रविवारी मेज बडवून सांगत. पण ट्रिमनेलांचा खेळ काही नाटक नव्हे! इथे बाया नाहीत, चुंबनं नाहीत, मांड्या दिसत नाहीत. वीस पुरुष काळी तोंडं करून बसतात, डफ वाजवतात, विनोद करतात आणि शेवटी मळ्यावर मेलेल्या आईच्या नावानं गळा काढतात. याला पाप कोण म्हणेल? रेव्हरंड वर्षातून चारदा यायचे आणि दर वेळी रडून जायचे. त्यांच्या पुतण्याशी ऑगस्टाच्या मुलीचं जमत आलं होतं. फक्त मुलीचा बाप हॉलचा मालक झाला पाहिजे, एवढीच काय ती अट, आणि तीही त्यांनी तोंडानं कधी उच्चारली नव्हती. मोठ्या लोकांच्या अटी अशाच असतात.

"आज मामंजी हाडं ह्यांनाच देतील ना?" ऑगस्टानं आवाज उतरवून विचारलं.

"देतील. थोरला तोच."

"तसं नाही, रूफसभाऊजींचा भरवसा नाही. काल मामंजींच्या पायाशी बसून गात काय होते!"

"तो प्यायल्यावर मांजराच्या पायाशीही बसतो."

हाडं म्हणजे बैलाच्या फासळीची चार हाडं. दोन-दोन बोटांत धरून चिपळ्यांसारखी वाजवायची. ओबडायाला ती त्याच्या उस्तादानं भर रंगमंचावर दिली होती, आणि कायदा तोच ठरला होता: ज्याच्या हाती हाडं, त्याची उजव्या टोकाची खुर्ची, आणि ज्याची ती खुर्ची, त्याची मंडळी आणि हॉल. द्यायची ती प्रेक्षकांसमोर, आणि दिली की परत मागायची नाहीत. आज ओबडाया ती देणार, असं जाहिरातीत महिनाभर छापलं होतं. म्हाताऱ्याला त्या खुर्चीवर बसून पन्नास वर्षं झाली होती.

"वहिनी," केझायानं तव्यावरून नजर न काढता विचारलं, "मंगळवारी सुतार कशाला आला होता?"

ऑगस्टानं दार लोटून घेतलं. मग म्हणाली, "कळलंच तर! सांगणारच होतो तुम्हाला. स्केटिंग, वन्सं! सगळ्या लंडनला चाकांचं वेड लागलंय. मॅपलच्या फळ्या टाकल्या की झालं. ही काळी तोंडं आता कोण बघतंय? समोरच्या रस्त्यावर खरे हबशी आणलेत अमेरिकेहून. खरे! त्यांच्यापुढे आमचे हे म्हणजे, माझाच नवरा आहे म्हणून बोलत नाही, पण दिसतं ते दिसतं."

"आणि बाबा?"

"मार्गेटला, समुद्रावर. छातीला बरं. आणि तुम्ही आमच्याकडे. मुलगी सासरी गेली की घराकडे बघायला कुणीतरी हवंच."

कुणीतरी! केझायानं तव्यावरचं बूच चिमट्यानं उलटं केलं. तीस वर्षं राबल्यावर आपण 'कुणीतरी' झालो, हे तिला त्या शेगडीपाशी कळलं. या हॉलच्या वरच्या दोन खोल्या सोडून तिला जगात घर नव्हतं. ही शेगडी आणि विंगेतलं ते स्टूल गेलं की उरायचं काय, तर वहिनीची चांदीची भांडी घासायची.

हे तिनं बापाला सांगून पाहिलं होतं. "एनॉक असं करायचा नाही," असं म्हणून म्हातारा डफाची कातडी ताणत बसला. पालथ्या घड्यावर पाणी.

आता तो आरशासमोर बसला होता आणि केझाया त्याच्या तोंडाला काजळी लावत होती. आरसा कशाला होता कोण जाणे. ओबडाया ट्रिमनेलला दोन वर्षांपासून उजेड आणि अंधार याखेरीज काही दिसत नव्हतं. हे जगात फक्त केझायाला माहीत होतं. पोरांना कळलं असतं तर त्याच आठवड्यात त्याला मार्गेट दाखवलं असतं, म्हणजे दाखवायचं तरी कसं, पण धाडलं असतं.

"एनॉक कितवा बसतो?" म्हाताऱ्यानं कुजबुजत विचारलं.

"उजवीकडून चौथा. तुम्ही खुर्च्यांच्या पाठी चाचपत या. त्याच्यासमोर आलात की मी विंगेतून तव्यावर चिमटा वाजवीन. एकदाच."

"लोकांना ऐकू गेलं तर?"

"इतका गोंधळ असतो, बाबा, तुमचं गाणं ऐकू गेलं तरी पुष्कळ."

म्हातारा हसला. गाण्याची थट्टा तेवढी त्याला केझायाकडून चालायची. 'म्हातारा जोशुआ' नावाचं ते गाणं त्यानं पन्नास वर्षं विकलं होतं. कॅरोलिनाच्या मळ्यावर एका मरणाऱ्या हबशानं आपल्या मांडीवर डोकं ठेवून ते शिकवलं, असं तो रोज सांगे आणि बायका रुमाल काढत. ओबडायाचा जन्मात सर्वांत लांबचा प्रवास लंडनजवळच्या, थेम्सकाठच्या ग्रेव्हसेंडपर्यंत झाला होता, आणि तिथे त्याला बोट लागली होती.

दार वाजलं. "येऊ का, मिस केझाया?"

हा अँब्रोज स्पार्क्स. समोर खरे हबशी आले तेव्हा ट्रिमनेलांना घाम फुटला, आणि एक तरी खरा आपल्याकडे हवाच म्हणून एनॉकनं दोन महिन्यांपूर्वी याला डेटफर्डच्या गोदीवरून शोधून आणला. बाप जहाजावरचा जमैकन आचारी, आई डेटफर्डची, आणि अँब्रोज जन्मला तोही डेटफर्डलाच. जाहिरातीत तो 'कॅरोलिनाहून थेट आलेला प्रिन्स मोझेस' होता. पहिल्या दिवशी ओबडायानं त्याला समोर बसवून हबशी कसे बोलतात ते शिकवलं. "असं नाही रे पोरा," म्हातारा कळवळून म्हणाला होता, "हबशी असं बोलत नाहीत. तू अगदी डेटफर्डचा वाटतोस."

"जरा जाड थापा आज," अँब्रोज स्टुलावर बसत म्हणाला. "एनॉकसाहेबांचं म्हणणं, मी फिका पडतो. लोकांना फसवल्यासारखं वाटतं."

केझायानं त्याच्या गव्हाळ-तपकिरी गालावर लेप ओढला. "तुझी कातडी कोरडी पडलीये. रात्री चरबी लावत जा."

"कातडीला सवय नाही हो. एकावर एक दोन काळे कोट म्हणजे उकडणारच." त्यानं आरशात पाहून ओठ पुढे काढले. "आणि हे ओठ जरा मोठे रंगवा. देवानं दिलेले पुरत नाहीत तुमच्या प्रेक्षकांना."

केझायाला हसू आलं. तिला हा माणूस आवडायचा. मंडळींत तोच एक तिला विचारून आत यायचा आणि मागच्या दारानं जायचा. मागच्या दारानं जायचा ते ऑगस्टाच्या हुकमानं, पण ते केझायाच्या तेव्हा मनात आलं नाही.

एनॉक मोठं पोट आणि नवे चकाकते बूट घेऊन आत डोकावला. "नावं बंद!" तो ओरडला.

हा घराण्याचा दुसरा कायदा. एकदा काजळी लागली की ती धुऊन निघेपर्यंत कुणी कुणाला खऱ्या नावानं हाक मारायची नाही. डफवाला, हाडंवाला, मधला, आणि बाकी सगळे नुसते 'गडी'. प्रेक्षकांचा भ्रम मोडू नये म्हणून म्हाताऱ्यानं तो घातला होता. एरवी एकमेकांना नावं ठेवण्यात दिवस घालवणारे ट्रिमनेल एवढा एक नियम मात्र सोवळ्यासारखा पाळत.

खेळ रंगला. विंगेतल्या स्टुलावर केझाया मांडीवर तवा आणि हातात चिमटा घेऊन बसली होती. समोर वीस चेहरे, एकासारखा एक: काळे गाल, लाल ओठ, लोकरीचे टोप, पांढरे हातमोजे. जन्मदात्या बापाला जरी दिसत असतं तरी त्यानं पोरगा ओळखला असता की नाही शंकाच होती. केझाया एनॉकला ओळखायची ती बुटांवरून.

आणि मध्यंतरानंतर बुटांनी जागा सोडली.

चौथ्या खुर्चीवर बॉक्समधून नजर पडत नव्हती, खांब आड येत होता. रेव्हरंडना आपण नीट दिसलो पाहिजे, खुर्ची मिळताना तर दिसलोच पाहिजे! एनॉकनं गाण्याच्या धांदलीत सातव्या खुर्चीवरच्या गड्याला कोपरानं ढोसलं आणि त्याला आपल्या खुर्चीवर पाठवून स्वतः त्याच्या जागी, दिव्याच्या झोतात जाऊन बसला. चौथ्या खुर्चीवर आता अँब्रोज होता. पाय कसे लांब सोडून बसायचा ते केझाया ओळखून होती.

ठीक आहे, तिनं मनाशी म्हटलं. चिमटा सातव्याला वाजवायचा.

म्हाताऱ्यानं जोशुआचं गाणं म्हटलं. बायकांनी रुमाल काढले, रेव्हरंडनी तर दोन काढले. मग ओबडाया उठला, हाडं उंच धरली, आणि हॉल असा शांत झाला की कुणाच्या तरी संत्र्याची साल पडलेली ऐकू आली.

"सभ्य स्त्री-पुरुषहो! ही हाडं आज मी माझ्या हातानं देतोय. ज्याला देईन त्याला तुम्ही माझ्यासारखंच सांभाळा!"

गड्यांनी डफांचा गजर सुरू केला. पहिली खुर्ची. दुसरी. म्हाताऱ्याची बोटं पाठींवरून सरकत होती. केझायाला मॅपलच्या फळ्या दिसल्या. चाकांचा घरघराट ऐकू आला. मार्गेटच्या खोलीत बाप भिंतीकडे तोंड करून बसलाय आणि आपण वहिनीच्या चमच्यांना पॉलिश करतोय, असं अगदी ढळढळीत दिसलं. तिसरी खुर्ची. हा अँब्रोज काही हॉलच्या फळ्या उपटणार नाही. त्याला जायला दुसरी जागाच कुठे आहे? तो खुर्चीवर बसेल आणि बाकी सगळं आपण बघू. शेगडी आपली राहील, वरच्या खोल्याही आपल्याच राहतील.

चौथी खुर्ची आली, आणि केझायानं चिमटा वाजवला.

म्हाताऱ्यानं समोरच्या माणसाचा हात धरला, त्यात हाडं घातली, त्याच्या दोन्ही गालांचं चुंबन घेतलं आणि त्याला उजव्या टोकाच्या खुर्चीवर नेऊन बसवलं. अँब्रोज आधी दगडासारखा बसला. हॉल टाळ्यांनी फुटत होता. सातव्या खुर्चीवर एनॉक अर्धा उठलेला, खाली बसावं की उभं राहावं कळेना. पण अँब्रोज कसलेला गडी होता. लोक टाळ्या पिटताहेत म्हटल्यावर त्याचे हात आपोआप उठले. त्यानं ती हाडं अशी कडकडवली की ओबडाया अंधारात मान डोलवत पुटपुटला, "वा रे माझ्या पोरा! एवढा हात होता तर लपवलास कशाला?"

पडदा पडला, आणि मागच्या खोलीत नुसतं रण माजलं.

"ही काय थट्टा आहे?" एनॉक किंचाळला. "मी सातव्यावर! सगळ्या जगाला दिसत होतो!"

"तेच चुकलं," रूफस कोपऱ्यातून म्हणाला. तोही काळा, पण त्याला वासावरून ओळखता यायचं. "आयुष्यभर चौथ्यावर बसलास आणि नेमका आज सातव्यावर. नशीब तर बघ, मला नाही मिळालं ते नाहीच, पण तुलाही नाही! बाबा, तुमचे उपकार झाले."

"का? कुणाला दिली मी?" ओबडायानं चेहरा इकडेतिकडे वळवत विचारलं.

केझायानं चिमटा ॲप्रनच्या खिशात घातला.

"ए, हाडं आण इकडे," एनॉक अँब्रोजकडे वळला.

"भर रंगमंचावर दिलेली परत मागायची नसतात ना?" अँब्रोजनं साळसूदपणे विचारलं. "मी नवखा आहे, म्हणून विचारतो."

एनॉकनं मूठ वळली, आणि तेवढ्यात दारात रेव्हरंड थ्रॉसल उभे राहिले. चष्मा अश्रूंनी धुरकटलेला, दोन्ही हात पसरलेले. मागे ऑगस्टा.

"कुठे आहेत? कुठे आहेत आपले नवे हाडंवाले?" रेव्हरंडनी खोलीभर पाहिलं आणि हाडं धरलेल्या माणसाकडे धावले. "मिस्टर एनॉक! अभिनंदन! काय हात, काय ते डोलणं! मी त्या समोरच्या खऱ्या लोकांनाही पाहिलंय. पण तुमच्यात जो खरेपणा आहे ना, तो त्यांच्यात नाही!"

ऑगस्टानं एका नजरेत सगळं पाहिलं: हाडं कुणाच्या हातात आहेत, नवरा कुठे कोपऱ्यात लाल डोळे करून उभा आहे, आणि रेव्हरंड कुणाचा हात हलवताहेत. हा माणूस एनॉक नाही म्हणावं, तर खुर्ची गेली, हॉल गेला, लग्न गेलं. एनॉक आहे म्हणावं, तर पाच मिनिटांचाच काय तो प्रश्न. शिवाय नावं तर बंद होतीच, कायदाच होता घराण्याचा. जी बाई अँब्रोजला पुढच्या दारानं जाऊ देत नव्हती, ती पुढे झाली आणि तिनं त्याच्या दंडात हात अडकवला.

"हो, आमचे हे लहानपणापासून असेच," ती म्हणाली. "गुण रक्तातच आहे हो!"

रूफसनं तोंडात रुमाल कोंबला. खरा एनॉक 'आँ' करून बघत राहिला.

"जेवणाला उद्या आमच्याकडे यायचं, दोघांनी!" रेव्हरंड म्हणाले. "पण आधी, मिस्टर एनॉक, तो प्रामाणिक इंग्लिश चेहरा बघू द्या बघू. धुवा, धुवा! मी थांबतो."

"नको, नको, त्यांना सर्दी..." ऑगस्टा चाचरली.

"सर्दी कसली? चांगलं गरम पाणी आहे," अँब्रोज म्हणाला. आवाज अगदी सभ्य. त्यानं दंडातला ऑगस्टाचा हात हळूच काढून तिच्या स्वाधीन केला, बशीवर कप ठेवावा तसा. मग हाडं खिशात घातली, टोप काढला, साबण घेतला आणि सावकाश तोंड धुतलं. भांड्यातलं पाणी काळं झालं. त्यानं टॉवेलनं चेहरा टिपला आणि रेव्हरंडपुढे धरला.

रेव्हरंडनी चष्मा पुसून नाकावर चढवला, वाकून पाहिलं.

"अजून राहिलंय थोडं," ते मायेनं म्हणाले.

आणि स्वतःचा रुमाल थुंकीनं ओला करून ते अँब्रोजचा गाल घासू लागले. एकदा घासला. दुसऱ्यांदा जोर लावून घासला. अँब्रोज हातांची घडी घालून उभा होता, न्हाव्यापुढे बसल्यासारखा निवांत. रेव्हरंडनी रुमाल पाहिला. रुमाल पांढराच होता.

"रेव्हरंडसाहेब!" कोपऱ्यातून एनॉकला राहवलं नाही. घाईघाईत अर्धं तोंड धुऊन तो पुढे आला, एक गाल गुलाबी, एक काळा. "एनॉक मी आहे! हा, हा तर आमचा पगारी हबशी!"

रेव्हरंडनी ऑगस्टाकडे पाहिलं. मग ज्या दंडात तिचा हात नुकताच होता त्या दंडाकडे पाहिलं. मग टोपी घेतली. "मिसेस ट्रिमनेल," ते म्हणाले, "मी चारचौघांसारखाच दयाळू माणूस आहे. पण नवऱ्याच्या देखत!" आणि ते गेले. दार त्यांनी आपटलं नाही. धर्मोपदेशकच ते.

ऑगस्टा खुर्चीत कोसळली. "सगळं तोंड काळं झालं घराण्याचं!"

"पन्नास वर्षं त्यावरच तर जेवतोय, वहिनी," रूफस म्हणाला आणि शेवटी मोकळेपणानं हसला.

"कोण पडलं? काय झालं?" ओबडाया उठला, पाण्याच्या भांड्याला अडखळला, आणि काळं पाणी त्याच्या पायांवरून वाहत गेलं. त्यानं भांडं शोधायला हात पसरले ते भलतीकडेच. एनॉक बघत राहिला. त्याच्या अर्ध्या धुतलेल्या तोंडावर हळूहळू उजेड पडला.

"बाबांना दिसत नाही," तो म्हणाला. "ऑगस्टा, ऊठ! म्हाताऱ्याला दिसतच नाही! आंधळ्यानं दिलेलं दान कुठलं दान? सोमवारी वकील!" कृतकृत्य चेहऱ्यानं तो बायकोला दंडाला धरून घेऊन गेला, आणि रूफस ही बातमी साजरी करायला गुत्त्यात गेला.

बाप खुर्चीत डोळे मिटून बसला होता. केझाया पाणी पुसत होती. अँब्रोज कोट शोधत होता.

"वकिलाचं मनावर घेऊ नकोस," केझाया घाईनं म्हणाली. "दीड हजार लोकांनी पाहिलंय. बाबांनी एक शब्द टाकला की दिलेलं दिलेलंच. आणि बाबा माझं ऐकतील. खुर्ची तुझी राहील, अँब्रोज. मी बघते."

"चिमटा तुम्हीच वाजवलात ना?"

केझाया फडकं पिळू लागली.

"मी त्याच खुर्चीवर होतो. चिमटा वाजला आणि मालकांनी हात धरला. का वाजवलात?"

"तू... तू त्यांच्याहून चांगला वाजवतोस."

"तुम्ही मला वाजवताना कधी ऐकलंत? दोन महिने मला नुसतं डोळे फिरवायला बसवलंय." त्याचा आवाज चढला नाही, पण त्यातली थट्टा मात्र गेली होती. "मला जायला दुसरी जागा नाही, म्हणून वाजवलात. मी गप बसेन आणि तुम्ही हॉल चालवाल. खोटं असेल तर सांगा."

खोटं नव्हतं. केझायाला खूप राग आला, आणि तो कुणाचा ते तिला कळेना. इतकं करूनही हा माणूस ऋणी नाही!

"मला राग नाही," अँब्रोज म्हणाला. "चालेल मला. खुर्ची घेतो, वकिलाशीही भांडतो. तुम्ही हॉल बघा, तुम्हाला तो येतो. एकच गोष्ट. काजळी लावणार नाही. जाहिरातीत माझं नाव लावायचं, डेटफर्डचा अँब्रोज स्पार्क्स. गायचं तेही माझ्या आवाजात." त्यानं कोटात एक हात घातला. "कोट घालून होईपर्यंत काय ते सांगा. समोरचे बोलावताहेत मला, पण ते मागचंच दार दाखवणार, तेव्हा घाई नाही."

दुसरा हात बाहीत गेला. केझाया डोळ्यांपुढे आणून पाहू लागली: अर्धगोल, एकोणीस काळी तोंडं आणि टोकाला एक उघडा चेहरा. रेव्हरंडसारखे लोक आणि त्यांच्या संत्री खाणाऱ्या बायका. लोक उठून जातील. नाही, काही राहतील. सवय होईल त्यांना. 'हो' म्हणायचं, एवढंच तर होतं. त्यानं खालचं बटण लावलं, मधलं लावलं. वरच्या खोल्या, शेगडी, बाप, सगळं त्या एका शब्दावर होतं, आणि शब्द तिच्या तोंडात तयारही होता. तो वरच्या बटणाला आला.

"निदान ओठ तरी रंगवशील?" केझाया म्हणाली.

अँब्रोजचा हात बटणावर राहिला. त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि तो हसला, मोठ्यानं, डेटफर्डच्या गोदीवर हसतात तसा. खिशातली हाडं काढून त्यानं तव्यावर ठेवली. मग रंगमंचावरून, रिकाम्या खुर्च्यांमधून चालत गेला आणि पुढचं दार उघडून रस्त्यावर गेला. दार तसंच उघडं राहिलं.

"कोण गेलं गं?" ओबडायानं विचारलं. "एनॉक का?"

"नाही बाबा. तुम्ही ज्याला खुर्ची दिलीत तो. अँब्रोज स्पार्क्स."

म्हाताऱ्यानं बोटांनी हवेत ताल धरला. "हात चांगला होता त्याचा. मग थांबवायचं नाहीस का?"

"थांबवत होते," केझाया म्हणाली. "सगळं जमलं होतं, बाबा. ओठांपाशी अडलं."

ती शेगडीपाशी बसली. आता बुचं जाळायची गरज नव्हती, तरी तिनं सवयीनं तवा पुढे ओढला, आणि त्यावरची हाडं बघत राहिली. बाहेर हॉलमध्ये एनॉक सुताराला घेऊन परत आलेला दिसत होता. एका गालाची काजळी तशीच ठेवून तो पावलं टाकत भिंतीपासून भिंतीपर्यंत चालत होता आणि सुताराला मोठ्यानं सांगत होता की फळ्या उपटायला उजव्या टोकापासून सुरुवात कर.